गाठ आत ठेवून आधी केमो-रेडिएशन कशासाठी? रेक्टमच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनची पाळी कधी येते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. आई ५८ वर्षांच्या. शौचावाटे रक्त जायचं, मूळव्याध समजून काही महिने मलम-गोळ्यांत गेले, मग कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, गुदद्वारापासून ४ सेंटीमीटरवर रेक्टमची (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची) गाठ दिसली आणि बायॉप्सीत कॅन्सर आला. एका सर्जननी सांगितलं पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून मोकळे होऊ, पोटावर शौचासाठी कायमची पिशवी लागेल. दुसरीकडे केस ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत ठेवली, तर ते म्हणाले आधी रेडिएशन, मग केमो, चार-पाच महिने, मग एमआरआय, मग ऑपरेशन, आणि गाठ पूर्ण विरघळली तर कदाचित ऑपरेशन नाहीच. घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात गाठ पोटात ठेवून पाच महिने बसायचं हा वेडेपणा आहे, मावशी म्हणतात सुरी लागली की पसरतो, आणि सह्या मात्र तुम्हाला करायच्यात.

मी २२ वर्षं कॅन्सरची ऑपरेशनंच करतोय, म्हणजे माझा कल सुरीकडे असणार हे धरूनच पुढचं वाचा. आणि रिपोर्ट बघितल्याशिवाय कुठला प्लॅन बरोबर ते मी सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पण बोर्डानी तसं का सांगितलं असेल, त्यामागचा विचार काय असतो, ते सांगू शकतो.

तुम्ही विचारलंय 'ऑपरेशन करायचं की नाही'. मला विचाराल तर प्रश्न असा आहे की आईंच्या रेक्टमवर पहिल्यांदा ऑपरेशन करायची संधी एकदाच मिळणार आहे, ती कुठल्या दिवशी वापरायची. पहिल्या ऑपरेशनला आतले थर कोरे असतात, एकावर एक ठेवलेल्या कागदांसारखे सुटे होतात, कुठून जायचं ते दिसतं. एकदा हात लागला की सगळं चिकटतं. मग थोडा कॅन्सर मागे राहिला आणि दोन वर्षांनी परत उगवला तर दुसऱ्या वेळी मी आत जातो तेव्हा काय जुना व्रण आणि काय कॅन्सर हे हाताला कळत नाही, डोळ्याला कळत नाही, मूत्रवाहिनी कुठे, रक्तवाहिनी कुठे, सगळं एकजीव झालेलं असतं. अशी रिकरन्सची ऑपरेशनं मी केलीत. सात-आठ तास चालतात, आणि बऱ्याचदा शेवटी मूत्राशय किंवा माकडहाडाचा तुकडाही काढावा लागतो. म्हणून आमचा सगळा आटापिटा पहिला डाव वाया जाऊ नये यासाठी असतो.

आता रेक्टमचंच का एवढं? कारण ते हाडांच्या अरुंद नरसाळ्यात बसलंय. पुढे बाईमाणसाचं गर्भाशय नि योनी, पुरुषाचं प्रोस्टेट, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना लघवीच्या आणि लैंगिक संवेदनेच्या नसा. पोटात मोठ्या आतड्याची गाठ असली तर दोन्हीकडे वीतभर जास्त काढता येतं, इथे मिलिमीटरचा हिशोब. रेक्टमभोवती चरबीचं एक गुंडाळं असतं, त्यात लिम्फ नोड, म्हणजे लिम्फच्या छोट्या ग्रंथी असतात, आणि त्या गुंडाळ्यावर एक पातळ पडदा. १९८२ मध्ये बिल हील्ड नावाच्या इंग्लिश सर्जननी दाखवून दिलं की हे गुंडाळं पडद्यासकट अख्खं, न फाटता काढलं तर कॅन्सर त्याच जागी परत यायचं प्रमाण खूप खाली येतं. त्याआधी लोक हातानी ओढून काढायचे, चरबीचे तुकडे आत राहायचे आणि दोष कॅन्सरच्या माथी. औषध तेच, पेशंट तसेच, फक्त कापण्याची जागा बदलली. त्यामुळे 'आता केमो-इम्युनोथेरपीच्या जमान्यात सर्जनचं काय काम' असं कुणी म्हटलं की मला हील्ड आठवतो.

पण गाठ त्या पडद्यापर्यंत पोचली असेल तर कितीही सुरेख ऑपरेशन केलं तरी मी कॅन्सरमधूनच कापतोय. बोर्डात हे कसं ठरतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की पाच डॉक्टर बसून मतदान करतात. समोर स्क्रीनवर एमआरआय असतो. त्यात तो पडदा एका बारीक काळ्या रेघेसारखा दिसतो. रेडिओलॉजिस्ट गाठीच्या सगळ्यात पुढे गेलेल्या टोकापासून त्या काळ्या रेघेपर्यंत माऊसनी अंतर मोजतो. १ मिलिमीटर किंवा कमी आलं की खोलीतली चर्चा बदलते. मी कितीही हात शिवशिवत बसलेला असलो तरी गप्प होतो, आणि बोलायची पाळी रेडिएशनवाल्यांची असते. मग पॅथॉलॉजिस्ट सांगतो पेशी कुठल्या जातीच्या, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे केमोचा डॉक्टर, विचारतो किडनी-हृदय कसं आहे, केमो झेपेल का. दहा मिनिटांचं काम असतं, पण त्या दहा मिनिटांत मी एकटा असतो तर चुकलो असतो असं मला वर्षातून बऱ्याच वेळा वाटतं.

रेडिएशन आधी दिल्यानी फरक पडतो का, तर पडतो. जर्मनीत मोठा अभ्यास झाला, २००४ मध्ये निकाल आला. एका गटाला केमो-रेडिएशन आधी, दुसऱ्याला तेच ऑपरेशननंतर. ५ वर्षांनी त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण आधीवाल्यांत ६ टक्के, नंतरवाल्यांत १३ टक्के. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं, हेही सांगायला हवं. पण तुमच्या कामाचा आकडा वेगळाच आहे. ज्या पेशंटना सुरुवातीला सर्जननी सांगितलं होतं की गुदद्वार काढावंच लागेल, त्यांच्यात आधी उपचार घेतलेल्या ३९ टक्के लोकांचं गुदद्वार वाचलं, दुसऱ्या गटात १९ टक्के. ४ सेंटीमीटरवरच्या गाठीत हाच कळीचा मुद्दा आहे.

आणि क्रम म्हणजे नुसतं आधी-नंतर एवढंच नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात सगळ्यांना ऑपरेशनआधीच केमो आणि केमो-रेडिएशन दोन्ही दिलं, फक्त अर्ध्यांना केमो आधी आणि अर्ध्यांना रेडिएशन आधी. ३ वर्षांनी रेक्टम शाबूत असलेले लोक केमो-आधी गटात ४१ टक्के, रेडिएशन-आधी गटात ५३ टक्के. औषधं तीच, डोस तेच. तुमच्या बोर्डानी 'आधी रेडिएशन मग केमो' म्हटलंय ते बहुतेक यातूनच आलंय. उलट बाजूही सांगतो. ५ दिवसांचं छोटं रेडिएशन आणि मग केमो या पद्धतीत गाठ पूर्ण विरघळायचं प्रमाण नेहमीच्या केमो-रेडिएशनच्या दुप्पट आलं, १४ वरून २८ टक्के, पण ५ वर्षांनी बघितलं तर त्याच जागी कॅन्सर परत यायचं प्रमाण थोडं जास्त निघालं. म्हणून आईंना छोटं रेडिएशन देणार आहेत की पाच-साडेपाच आठवड्यांचं, हे विचारा, आणि त्यांच्या बाबतीत तेच का, हेही.

आता मामांचं म्हणणं. गाठ आत ठेवून बसायचं नाहीये, पहिल्या दिवसापासून उपचार चालूच असतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. ऑपरेशनला एक ताटली असते, त्यात काढलेली गाठ असते, नातेवाइकांना बाहेर बोलावून दाखवतात, सगळ्यांना हायसं वाटतं. केमोची अशी ताटली नसते. पण रक्तातून लिव्हर-फुप्फुसात गेलेल्या, कुठल्याच स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी माझ्या सुरीला सापडत नाहीत, त्या केमोलाच सापडतात. आधी मोठं ऑपरेशन केलं आणि आतड्याची दोन टोकं शिवलेला जोड लीक झाला, जे इतक्या खालच्या जोडात साधारण दहातल्या एकाला होतं, तर केमो दोन-तीन महिने लांबते, कधी कधी होतच नाही. खरा धोका आहे तो काहीच न करता घालवलेल्या वेळेचा. २०२० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात ऑपरेशनला दर ४ आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं निघालं. उपचाराशिवाय गेलेला उशीर बरं का, केमोतले आठवडे नव्हेत. त्यामुळे दुसरं मत घेतलंत ते छान केलंत, आता तिसरं, चौथं, कुणाच्या ओळखीचं पाचवं, असं करत दोन महिने घालवू नका.

मावशींचं 'सुरी लागली की पसरतो' हे मी रोज ऐकतो, आणि हसत नाही. जुन्या काळी स्कॅन नव्हते, पोट उघडायचं, आत सगळीकडे पसरलेला दिसायचा, परत शिवायचं, पेशंट महिन्याभरात जायचा. घरच्यांनी सुरीचा आणि मरणाचा संबंध जोडला तर त्यांचं काय चुकलं. सुईच्या बायॉप्सीनी कॅन्सर पसरतो ही भीती बहुतेक ठिकाणी निराधार आहे. अपवाद आहेत, वृषणाच्या गाठीत अंडकोशातून सुई घालत नाहीत, जांघेतून ऑपरेशन करतात. हातापायाच्या सार्कोमात (स्नायू, चरबी, हाड अशा भागांच्या कॅन्सरमध्ये) सुई कुठून गेली ती वाट नंतर गाठीबरोबरच काढावी लागते, म्हणून जो सर्जन ऑपरेशन करणार त्याला विचारूनच बायॉप्सी करावी. याच सार्कोमात चरबीची साधी गाठ समजून कुणीतरी पाच मिनिटांत सोलून काढतो आणि रिपोर्ट आला की सगळ्यांचे चेहरे उतरतात. असे पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा कितीतरी जास्त कापावं लागतं. म्हणजे मावशींच्या बोलण्यात तथ्य एवढंच की अर्धवट, घाईची, चुकीच्या वाटेची सुरी खरंच घात करते. कशानी कापलं यानेही फरक पडतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन जास्त नाजूक, जास्त आधुनिक, पण २०१८ च्या अभ्यासात साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेले दुर्बिणवाले ८६ टक्के आणि पोट उघडून केलेले ९६.५ टक्के. आम्हा सगळ्यांना तो मोठा धक्का होता.

माझीच एक चूक सांगतो, क्रमाचं भान मला कसं आलं त्याची. सुरुवातीची वर्षं. एका बाईंच्या ब्रेस्टमध्ये ५ सेंटीमीटरची गाठ, आधी केमो द्यायची ठरली. केमो अशी लागू पडली की चार महिन्यांनी गाठ हाताला लागेना, सोनोग्राफीत दिसेना. सगळे खूश, बाई खूश, आणि मी टेबलवर उभा, हातात सुरी, आणि कुठे कापायचं तेच माहीत नाही. कारण केमोआधी गाठीत तांदळाच्या दाण्यापेक्षा छोटी टायटॅनियमची क्लिप ठेवून घ्यायची असते, जागेची खूण म्हणून, ती मी ठेवायला सांगितली नव्हती. ब्रेस्ट वाचवता आला असता, अंदाजानी मोठा भाग काढावा लागला आणि आकार बिघडला. बाई मला काही बोलल्या नाहीत, मला मात्र ते अजून बोचतं. तेव्हापासून केमो ऑन्कॉलॉजिस्टकडे असली तरी पहिल्या दिवशी मी पेशंट तपासतो, म्हणजे पुढे काय कापायचंय ते केमो सुरू व्हायच्या आधीच ठरतं.

ब्रेस्टचा विषय निघालाच आहे तर, सर्जनांना कमी कापायला शिकायला शंभर वर्षं लागली. हॉलस्टेडनी १८८२ मध्ये ब्रेस्ट, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी सगळं एकत्र काढायला सुरुवात केली, त्याचं म्हणणं कॅन्सर एका जागेहून कडेकडेनी पसरतो, म्हणून जितकं जास्त काढाल तितकं बरं. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी स्त्रियांचे गट करून तुलना केली, आणि २० वर्षांनी २००२ मध्ये दोघांचेही निकाल आले, गाठ काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण ब्रेस्ट काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. घशाचंही तसंच, १९९१ च्या अभ्यासात ३३२ लोक होते, स्वरयंत्र काढलेले आणि केमो-रेडिएशन घेतलेले, २ वर्षांनी जिवंत दोन्हीकडे ६८ टक्के, पण दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र शाबूत. गुदद्वाराच्या कॅन्सरमध्ये तर ऑपरेशन सोपं व्हावं म्हणून १९७४ मध्ये नायग्रो यांनी आधी केमो-रेडिएशन दिलं, आणि काढलेल्या भागात कॅन्सरच सापडेना. आज तिथे पहिला उपचार केमो-रेडिएशनच, सुरी फक्त कॅन्सर उरला किंवा परत आला तर.

उलटही आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळीकडे आधी केमोच. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा ऑपरेशन आधी, आणि मानेतल्या लिम्फ नोडमध्ये कॅन्सर दिसत नसला तरी ते त्याच वेळी काढलेले बरे. टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या अभ्यासात तसं केलेले ३ वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट बघून मानेत गाठ आल्यावर ऑपरेशन केलेले ६७.५ टक्के. मोठ्या आतड्याच्या वरच्या भागाच्या गाठीत आधी ऑपरेशन, मग गरज असेल तर केमो. आणि आईंचं आतडं बंद व्हायला लागलं, पोट फुगलं, उलट्या झाल्या तर थांबायचा प्रश्नच नाही, तात्पुरती पिशवी लावून वाट मोकळी करावी लागेल, गाठ तिथेच राहू दे. त्याला ऑपरेशन झालं म्हणत नाहीत, पण मूळ प्लॅन वाचतो. अजून एक, कॅन्सर लिव्हरमध्ये गेलेला दिसला तर घरचे धीर सोडतात. रेक्टम-कोलनमध्ये लिव्हरवरचे मोजके डाग काढून काही लोक कायमचे बरे होतात. पण हाच चौथ्या स्टेजचा ब्रेस्टचा कॅन्सर असेल तर मूळ गाठ काढून आयुष्य वाढत नाही असं टाटामध्येच २०१५ ला दिसलं. त्यामुळे 'स्टेज ४ म्हणजे ऑपरेशन नाही' किंवा 'काढलेलं केव्हाही बरं' हे दोन्ही डोळे मिटून म्हणू नये.

आता 'कदाचित ऑपरेशन नाहीच' याबद्दल, तुमचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथे झालाय. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांना केमो-रेडिएशन दिलं, एमआरआयमध्ये नुसता व्रण दिसत होता, बोटाला काही लागत नव्हतं, तरी आमची तेव्हाची पद्धत म्हणून मी ऑपरेशन केलं, कायमची पिशवी दिली. आठ दिवसांनी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला, अख्खा नमुना चकत्या करून तपासला, एकही कॅन्सरची पेशी नाही. घरच्यांना मी ती आनंदाची बातमी म्हणून सांगितली, आणि घरी जाताना मनात येत राहिलं की मी एका माणसाचं कॅन्सर नसलेलं रेक्टम काढलं. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्येच सांगितलं होतं की अशांना नुसतं नजरेखाली ठेवता येतं, आणि सर्जन लोकांनी त्यांना बराच काळ वेड्यात काढलं. पुढे २०१८ मध्ये जगभरातल्या ८८० पेशंटची नोंद छापली गेली, २ वर्षांत साधारण चौघांतल्या एकाची गाठ त्याच जागी परत आली, त्यानंतर परत येणारे थोडेच, आणि बहुतेक वेळा आतड्याच्या भिंतीत, म्हणजे बोटाला आणि दुर्बिणीला सापडेल अशी.

म्हणून आईंना हा पर्याय मिळाला तर अट एकच, पहिली २ वर्षं दर ३ महिन्यांनी बोटानी तपासणी, दुर्बीण, एमआरआय, नंतर ५ वर्षांपर्यंत थोड्या अंतरानी. वेळेत पकडलं तर ऑपरेशन करून बहुतेकांचं निभावतं. ज्यांचं येणं-जाणं जमणार नाही, किंवा 'आता बरं वाटतंय' म्हणून जे येणंच बंद करतील, त्यांना मी सरळ सांगतो, तुमच्यासाठी ऑपरेशनच बरं. माझा एक पेशंट दीड वर्ष आला नाही, आला तेव्हा माकडहाडात दुखत होतं. आणि जोडाचं ऑपरेशन केलं, पिशवी नाही लागली, तरी दिवसातून सात-आठ वेळा शौचाला जाणं, घाई होणं हे कित्येकांना वर्षभर आणि काहींना कायमचं राहतं, हे ऑपरेशनआधी कुणी सांगत नाही. कधी कधी चांगली बसवलेली कायमची पिशवी जास्त सुखाची असते. आईंनाच विचारा, त्यांना काय जास्त नको आहे. हा प्रश्न घरात त्यांना सोडून सगळ्यांना विचारला गेलाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं.

पहिल्या सर्जनना वाईट ठरवू नका, कदाचित त्यांच्यापुढे एमआरआय नव्हताच, फक्त कोलोनोस्कोपी होती. तुम्ही लिहिलंयत की सीटी झाला, एमआरआयचा उल्लेख नाही. रेक्टमला सीटीवर भागत नाही, लिव्हर-फुप्फुसासाठी सीटी ठीक, पण ती काळी रेघ एमआरआयमध्येच नीट दिसते. एमआरआय झाला असेल तर रिपोर्टात 'सीआरएम' शोधा, म्हणजे गाठीपासून त्या रेघेपर्यंतचं अंतर, त्यापुढे किती मिलिमीटर लिहिलंय बघा. आणि बायॉप्सीच्या तुकड्यावर एमएमआर नावाची तपासणी (गाठीच्या पेशी डीएनएमधल्या चुका दुरुस्त करू शकतात का ते बघणारी) झालीय का ते विचारा, झाली नसेल तर लॅबनी जपून ठेवलेल्या त्याच तुकड्यावर होते, परत बायॉप्सी करावी लागत नाही. शंभरात पाच-दहा रेक्टमच्या गाठींमध्ये ती वेगळी येते, आणि अशा गाठींवर २०२२ मध्ये नुसती इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध, देऊन बघितली, पहिल्या १२ च्या १२ जणांची गाठ पूर्ण गेली, रेडिएशनही नाही आणि सुरीही नाही. आईंचं तसं असण्याची शक्यता कमी आहे, पण रेडिएशन सुरू झाल्यावर हे कळलं तर हळहळ वाटेल. म्हणून तो रिपोर्ट आधी मिळवा आणि मग रेडिएशनच्या प्लॅनिंगची तारीख घ्या. नाव-नंबर झाकून रिपोर्ट इथे टाकलेत तर एमआरआय मी बघून सांगतो, रविवारी थोडा वेळ असतो.